शेजारचं शहर शिकताना

आमच्या कंपनीतून कुणाला चीनमधल्या पुरवठादाराकडे राहायला पाठवायचं ठरलं, की त्याच्यासाठी आधी वर्ग असतो. भेटकार्ड दोन्ही हातांनी द्यावं, भाताच्या वाटीत चॉपस्टिक उभ्या खोचू नयेत, असं बरंच काही त्यात शिकवतात. नाशिकहून बेंगळुरूला नोकरीसाठी येणाऱ्यासाठी असा वर्ग कुणी घेत नाही. देश एक, देव तेच, पंचांगही तेच. मग शिकवायचं काय?

बरीच वर्षं इथे काढल्यावर माझं मत असं झालं आहे की तो वर्ग आपल्यालाही हवा. परक्या देशात माणूस सावध असतो, बघून आणि विचारून वागतो. ओळखीच्या वाटणाऱ्या गावात विचारायची गरजच त्याला वाटत नाही. बेंगळुरूनं मला थक्क केलं ते अशाच ओळखीच्या जागी: सणात, ताटात, नावात, पत्त्यात.

मी पीन्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते आणि मल्लेश्वरममध्ये राहते. आयटी पार्कातलं बेंगळुरू मला फारसं माहीत नाही. खाली आहे ते या दोन ठिकाणी राहून कळलेलं.

१. पत्ता आकड्यांत असतो

नाशिकला आम्ही पत्ता देवळापासून सांगायला लागतो. काळारामाच्या पूर्व दरवाजासमोर, रविवार कारंज्याच्या मागे, आणि मग घर. इथे ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ सांगतात. मेन म्हणजे लांबलचक रस्ता, क्रॉस म्हणजे त्याला छेदणारा. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी हे भाग १८९८ च्या प्लेगनंतर आखून वसवले गेले, म्हणून तिथले क्रॉस क्रमानं येतात आणि माणूस आकडे मोजत घरी पोचतो. पुढच्या वसाहतींनीही हीच पद्धत उचलली, त्यात स्टेज, फेज, ब्लॉकची भर घातली. परिणाम असा, की तोच मेन आणि तोच क्रॉस शहरात कितीतरी ठिकाणी सापडतो. रिक्षावाल्याला आधी भागाचं नाव सांगावं, आकडे नंतर.

२. घर बघताना पाण्याचं आधी विचारावं

गोदावरीकाठच्या माणसाला पाणी हा घर घेतानाचा पहिला प्रश्न वाटत नाही. गंगापूर धरण नाशिकच्या उशाशी आहे. इथे मात्र घर दाखवणारा हवा, उजेड, पार्किंग यांच्याआधी सांगतो: “कावेरी आहे, बोअरही आहे.” म्हणजे नळाला कावेरीचं पाणी येतं आणि शिवाय कूपनलिका आहे. यातलं एकच असेल तर भाडं तसं ठरतं.

याचं कारण जमिनीत आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच पठारावर वसलेलं आहे आणि त्याच्या अंगणात मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, तीन टप्प्यांत उपसून वर चढवावं लागतं. नळ येण्याआधी हे गाव तलावांवर जगत होतं. पावसाचं पाणी एका तलावातून ओसंडून खालच्या तलावात जाईल अशी साखळीच इथे बांधलेली होती. त्यातले कितीतरी तलाव आता नाहीत. मॅजेस्टिकचं मुख्य बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या पात्रात उभं आहे आणि कंठीरवा मैदान संपंगी तलावाच्या जागेवर. बस पकडताना मला दर वेळी वाटतं, की ही जागा पाण्याची होती हे इथे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं.

इथल्या बहुतेक घरांच्या अंगणाखाली ‘संप’ असतो, जमिनीतली टाकी. नळाचं पाणी एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी येतं, ते आधी संपात साठतं आणि मग मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढतं. संप किती लिटरचा, तो किती भाडेकरूंत मिळून आहे, मोटरची किल्ली कुणाकडे, हे करार करण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, टँकरचे भाव चढले आणि पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुणाऱ्यांना पाच हजार रुपये दंड जाहीर झाला. तेव्हा आमच्या इमारतीत ज्यांनी हे प्रश्न आधी विचारले होते ती कुटुंबं शांत होती.

पैशांची रीतही वेगळी आहे. आगाऊ ठेव म्हणून दहा महिन्यांचं भाडं मागण्याची इथली जुनी पद्धत आता काही भागांत सैल झाली आहे, मोडलेली नाही. घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं कापलं जातं, आणि ते गृहीतच असतं. शिवाय ‘लीज’ नावाचा प्रकार आहे. एक मोठी रक्कम घरमालकाला एकदम द्यायची, दोन-तीन वर्षं बिनभाड्यानं राहायचं, आणि जाताना ती पूर्ण परत घ्यायची. जुन्या भागांतली मध्यमवर्गीय कुटुंबं सर्रास असं राहतात. घरमालकाची नीट चौकशी केल्याशिवाय मात्र या वाटेला जाऊ नये. सगळा व्यवहार त्याच्या परतफेडीच्या ऐपतीवर उभा असतो.

३. सकाळी भात, आणि पैसे आधी

भात दुपारी आणि रात्री, ही माझी समजूत होती. कारखान्याच्या कँटीनमध्ये सकाळी आठला चित्रान्न मिळतं: लिंबू, हळद, शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीचा भात. दुसऱ्या दिवशी पुळियोगरे म्हणजे चिंचेचा भात, तिसऱ्या दिवशी वांगीबात. यंत्रावर उभं राहून काम करणारे लोक सकाळी भातच खातात आणि दुपारपर्यंत भुकेची तक्रार करत नाहीत. हासनकडचे आमचे ऑपरेटर तर ‘मुद्दे’वर, म्हणजे नाचणीच्या शिजवलेल्या गोळ्यावर, वाढलेले. हा गोळा चावायचा नसतो. बोटांनी तुकडा तोडायचा, सारात बुडवायचा आणि गिळायचा. हे मला त्यांच्यापैकी एकानं शेजारी बसून, न हसता, दोनदा करून दाखवलं. त्या शिकवण्याची मला फार किंमत वाटते.

बाहेर खायचं तर दर्शिनी. आधी गल्ल्यावर पैसे देऊन टोकन घ्यायचं, ते आत द्यायचं, ताटली उचलायची आणि उंच टेबलाशी उभ्यानं खायचं. आपल्याकडे पोटभर झाल्यावर बिल येतं, इथे हिशोब आधीच मिटलेला असतो. या पद्धतीला आजचा आकार आला तो १९८३ मध्ये जयनगरला आर. प्रभाकर यांच्या सल्ल्यानं निघालेल्या ‘कॅफे दर्शिनी’पासून. जागा थोडी, वाढपी नाहीत, म्हणून भाव कमी आणि पदार्थ गरम. साहेब, हमाल आणि शाळकरी मुलगी एकाच टेबलाला कोपर टेकून इडली खातात. एखाद्या शहरानं आपल्या लोकांसाठी याहून चांगली सोय क्वचितच केली असेल.

बसून खाण्याच्या जुन्या जागाही आहेत. एमटीआर १९२४ चं, गांधी बझारातलं विद्यार्थी भवन १९४३ चं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा रव्याची इडली आपल्याकडे पहिल्यांदा झाली, असं एमटीआरवाले सांगतात. नाश्त्याला ‘चौ चौ बात’ मागावा. एका ताटलीत उपमा आणि शिरा शेजारी शेजारी येतात, आणि गोड आधी की तिखट आधी हे आपलं आपण ठरवायचं. कॉफी ‘बाय टू’ मागितली की एक कॉफी दोन पेल्यांत विभागून मिळते. त्यात कंजूषपणा कुणाला दिसत नाही. दिवसातून चार वेळा गप्पांना निमित्त हवं, तर पेला लहान असणंच बरं.

लग्नाच्या पंगतीत पोळीची वाट बघू नये. केळीच्या पानावर पायस, कोशिंबीर, पल्य म्हणजे भाजी, चित्रान्न, मग भातावर तोव्वे (वरण) आणि तूप, सारू (सार), हुळी (सांबार), आणि शेवटी ताक किंवा दही. भातानंतर भात येतो. पहिल्याच वाढीला पोट भरून घेणाऱ्याचे पुढचे सगळे भात हुकतात.

४. आडनाव विचारू नये

आपल्या फॉर्मवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने असतात आणि आपण ते डोळे मिटून भरतो. आमच्या कारखान्यातल्या निम्म्या लोकांना तिसरा रकाना भरता येत नाही. त्यांच्या नावाआधी एक-दोन आद्याक्षरं असतात. त्यातलं एक बहुधा गावाचं, दुसरं वडिलांचं. माजी पंतप्रधान एच. डी. देवेगौडा यांच्या नावातला ‘एच’ हरदनहळ्ळी या गावाचा आणि ‘डी’ वडिलांच्या दोड्डेगौडा या नावाचा. सर एम. विश्वेश्वरय्या यांचा ‘एम’ म्हणजे मोक्षगुंडम, हेही गावच.

त्यामुळे एकाच घरात वडील, मुलगा आणि सून यांची शेवटची नावं तीन निरनिराळी असू शकतात. पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर आडनावाशिवाय पुढे सरकत नाही, तेव्हा काहीजण वडिलांचं नाव तिथे घालतात, काहीजण आद्याक्षर. मग पारपत्रावर एक, बँकेत दुसरं, आणि दुरुस्तीसाठी हेलपाटे. ही अडचण त्या माणसानं निर्माण केलेली नाही, रकान्यानं केली आहे. आमच्या विभागाच्या फॉर्ममधला तो रकाना मी ऐच्छिक करून घेतला. आणि ओळख होताच आडनाव विचारण्याची आपली सवय इथे सोडलेली बरी. आपल्याकडे त्या प्रश्नामागे काय काय दडलेलं असतं ते आपल्याला ठाऊक आहे, आणि इथल्यांनाही ते कळतं.

५. तिथी एक, सण वेगळा

सगळ्यात जास्त थक्क व्हायला झालं ते इथे. पंचांग शालिवाहन शकाचंच, महिने अमावास्येलाच संपणारे, त्यामुळे सण बरोबर आपल्याच दिवशी येतात. दारं उघडली की आतलं सगळं निराळं.

भाद्रपदातल्या तृतीयेला आपल्याकडे हरतालिकेचा उपास. चतुर्थीला गणपती. गौरी त्यानंतर, अनुराधा नक्षत्रावर, पाठोपाठ येतात. बेंगळुरूत गौरी तृतीयेलाच येते, गणपतीच्या आदल्या दिवशी. ती माहेरी आलेली असते आणि दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा तिला न्यायला येतो. माझ्या घरमालकीणबाईंना, ज्यांना सगळी गल्ली अम्मा म्हणते, मी आपला क्रम सांगितला तेव्हा त्या खऱ्या काळजीनं म्हणाल्या, “पण तुमच्याकडे मुलगा आईच्या आधी एकटाच कसा येतो?” मला उत्तर सुचलं नाही. लहानपणापासून दर वर्षी पाहिलेल्या गोष्टीला असा प्रश्न विचारता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मला बागिन दिलं: दोन सुपं, एकावर एक झाकलेली, आत तांदूळ, डाळी, गूळ, नारळ, खण, बांगड्या, फणी, आरसा. माहेरच्यांनी लेकीला द्यायचं हे वाण आहे. माझं माहेर लांब आहे म्हणून त्यांनी दिलं.

पाडवा म्हणजे इथली युगादी. गुढी नाही. आंब्याच्या पानांचं तोरण, कडुनिंब आणि गूळ, पंचांगवाचन, आणि होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, पण मैद्याची, तळहाताला आरपार दिसेल इतकी पातळ. मी गॅलरीत गुढी उभारते तेव्हा शेजारच्या बायका तांब्या उलटा का, हे दर वर्षी विचारतात. त्यांच्या डोळ्यांना कलश सुलटाच शुभ वाटतो. आणि युगादीच्या दुसऱ्या दिवशी ‘होसतोडकु’. त्या दिवशी मटणाच्या दुकानांसमोर पहाटेपासून रांगा लागतात. नव्या वर्षाची सुरुवात एक दिवस गोड आणि एक दिवस तिखट.

संक्रांतीला तर रंगच उलटा. आपण हौसेनं काळी साडी नेसतो, लहान मुलांना काळी झबली शिवतो. इथे सणाच्या दिवशी काळं नेसलेली बाई पाहिली की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. तिळगुळाचा लाडूही नाही. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे आणि डाळवं यांचं सुटं मिश्रण, सोबत साखरेच्या साच्यातली चित्रं आणि उसाचा तुकडा. नव्या परकरातल्या मुली ताटं घेऊन घरोघर ते वाटतात.

रामनवमीचं मात्र मी नाशिककर म्हणून विशेष सांगते. काळारामाला भर दुपारी बाराला पाळणा हलतो, सुंठवडा हातावर पडतो, आणि आमचा दिवस तिथे भरून पावतो. बेंगळुरूत त्या दिवशी चौकाचौकांत मांडव टाकून लोक पानक, ताक आणि मुगाच्या डाळीची कोशिंबीर वाटतात. उन्हात निघालेला कुणीही थांबून पितो. आणि संध्याकाळी गाणं. चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्री रामसेवा मंडळी १९३९ पासून रामनवमीचा संगीतोत्सव भरवते, तो जवळजवळ महिनाभर चालतो. रामजन्म हा महिनाभर ऐकण्याचा सण असू शकतो, हे गोदाकाठच्या मला इथे येऊन कळलं, आणि मी त्यासाठी या शहराची ऋणी आहे.

६. नवमीला यंत्रं थांबतात

आपल्याकडे खंडेनवमी आहे, दसऱ्याला कारखान्यांत यंत्रांना हारही पडतात. पण पीन्यातली आयुधपूजा पाहिल्याशिवाय तिचा आवाका लक्षात येत नाही. दोन दिवस आधीपासून उत्पादन मंदावतं. ज्या फटींत वर्षभर कुणाचा हात जात नाही तिथला लोखंडाचा कीस ब्रशनं काढला जातो, लेथच्या पाट्या रॉकेलनं पुसल्या जातात, जमिनीवरचे तेलाचे डाग घासले जातात. मग प्रत्येक यंत्राला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, भस्माचे पट्टे आणि कुंकू.

मला पहिल्यांदा कळेना की मापनकक्षात काय करायचं. आमच्याकडे व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज. आमच्या फोरमननं सगळी मापं निळ्या मखमलीवर ओळीनं मांडली आणि प्रत्येकाला कुंकवाचा इतका बारीक ठिपका लावला, की मोजणाऱ्या कडेला रंगाचा कणही लागला नाही. पूजा झाली की लगेच त्यानं ती पुसून, तेलाचा हात देऊन डब्यांत ठेवली. मापाची इतकी काळजी घेणारा माणूस मी कुठल्याही प्रशिक्षणात पाहिला नाही.

पूजेनंतर दारात कोहळा फोडतात. त्याला भोक पाडून आत कुंकू आणि नाणी भरलेली असतात. त्या दिवशी सगळ्या शहराचे रस्ते कोहळ्याच्या तुकड्यांनी भरतात आणि दुचाकी घसरतात, म्हणून संध्याकाळी सावकाश चालवावं. चुरमुरे, मिठाईचा डबा आणि भेटवस्तू घेऊन कामगार घरच्यांना कारखाना दाखवतात. वर्षातला हा एक दिवस असा, की ऑपरेटरची बायको आणि मुलं त्याचं यंत्र बघतात. त्या दिवसाच्या आसपास माल पाठवण्याची तारीख देऊ नये. बाहेरच्या ग्राहकाला हे आधीच कळवावं. यंत्रमाग असो वा संगणक, आयुधपूजेच्या दिवशी त्याला कुणी हात लावत नाही.

७. आपण इथे पहिले नाही

आजचं बेंगळुरू आपण नोकरीनिमित्त शोधून काढलं, असं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना वाटतं. मल्लेश्वरमला ज्याच्यामुळे नाव मिळालं ते काडु मल्लेश्वराचं देऊळ माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्या दानाचा १६६९ चा शिलालेख आहे. १५३७ मध्ये केंपेगौडांनी वसवलेलं हे शहर १६३८ च्या सुमारास आदिलशाहीच्या फौजेनं घेतलं. रणदुल्लाखानाबरोबर त्या मोहिमेत शहाजीराजे होते आणि पुढे बेंगळुरू त्यांच्या जहागिरीचं मुख्य ठाणं झालं. बाल शिवाजीराजे जिजाऊंबरोबर काही काळ इथे राहून गेले. व्यंकोजी इथूनच तंजावरला गेले. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना ते तीन लाखांना विकलं. शहाजीराजांची समाधी आजही कर्नाटकातच आहे, चन्नगिरीजवळच्या होदिगेरेला. ते १६६४ मध्ये तिथे वारले.

जहागीर गेली, माणसं राहिली. मराठा, भावसार, नामदेव शिंपी अशी कितीतरी घरं पिढ्यान्पिढ्या इथे आहेत. आमच्या भागातले एक शिंपीकाका घरात मराठी बोलतात, पण देवनागरी वाचू शकत नाहीत. मराठी निरोप लिहायचा तर कन्नड लिपीत लिहितात. त्यांची मराठी ऐकताना निम्मे शब्द माझ्या पणजीचे वाटतात आणि उरलेले कन्नड. ती अशुद्ध आहे असं म्हणणाऱ्या नव्या मराठी मंडळींचा मला राग येतो. ज्या भाषेला शाळा नाही, वर्तमानपत्र नाही, ती साडेतीनशे वर्षं फक्त स्वयंपाकघरांतून टिकवली, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

शहराच्या जिभेवरही ती खूण आहे. इथल्या ‘मिलिटरी हॉटेल’ नावाच्या सामिष खाणावळींतल्या अनेक जुन्या खाणावळी मराठा कुटुंबांनी काढलेल्या. कॉटनपेठेतलं एस. जी. राव यांचं १९०८ चं, शिवाजी मिलिटरी हॉटेल १९३५ चं. पानाच्या द्रोणात वाढलेली, बारीक तांदळाची, पुदिना-कोथिंबिरीनं हिरवट झालेली दोन्ने बिर्याणी बेंगळुरूचे लोक आपली म्हणून अभिमानानं खाऊ घालतात, आणि ती त्यांचीच आहे. १९५० मध्ये इथल्याच एका मराठी घरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड बेंगळुरूच्या सिटी बसमध्ये कंडक्टर होता. पुढे जग त्याला रजनीकांत म्हणून ओळखू लागलं.

उद्योगातही तेच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीनं १९४० मध्ये इथे विमानांचा कारखाना काढला. आजच्या हॅलची ती सुरुवात. आमच्या नाशिकजवळचा ओझरचा कारखाना त्याच घरातला. उलट पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेली इन्फोसिस दोन वर्षांत इकडे आली. दोन्ही बाजूंनी इतकी ये-जा झालेली आहे, की कोण कुणाकडे पाहुणा हे ठरवायला बसूच नये.

८. बसमध्ये बायका पुढे

शहर बसच्या पुढच्या दारानं बायका चढतात आणि पुढच्या जागा त्यांच्या. सुटे नसले की कंडक्टर उरलेले पैसे तिकिटाच्या मागे लिहून देतो आणि उतरताना ते मागून घ्यायचे असतात. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. आमच्या कँटीनमधल्या मावशी तेव्हापासून महिन्यातून एकदा तुमकूरला आईकडे जातात. आधी त्या वर्षातून दोनदा जायच्या.

९. नोव्हेंबरचा महिना

१ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव. तो एका दिवसात आटोपत नाही. महिनाभर रिक्षा, दुकानं, कारखान्यांची फाटकं पिवळ्या-तांबड्या झेंड्यांनी सजलेली असतात. १९५६ मध्ये याच तारखेला हे राज्य बनलं आणि १९७३ मध्ये त्याला कर्नाटक हे नाव मिळालं. त्याच दिवशी बेळगावात मराठी माणसं काळा दिवस पाळतात. आमच्या मापनकक्षात बेळगावजवळचा एक सहकारी आहे. घरी मराठी, शाळा मराठी, नोकरी कन्नडमध्ये. त्याचे वडील सीमालढ्याच्या मोर्च्यांत चाललेले आहेत. तो राज्योत्सवाच्या दिवशी झेंडावंदनाला उभा राहतो आणि संध्याकाळी वडिलांना फोन करतो.

सीमाभागातल्या मराठी माणसांवर अन्याय झाला असं मला वाटतं आणि ते मी लपवत नाही. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. तो लवकर तडीला जावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण त्याचा राग बेंगळुरूच्या भाजीवाल्यावर काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्या दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांना कन्नड लोक आपला थोर कवी मानतात त्यांची मातृभाषा मराठी होती, आणि धारवाडात त्यांना कुणी उपरं म्हटलं नाही. आमच्या कक्षात या विषयावर बोलणं होतं, आवाज चढत नाही. हे आपोआप झालेलं नाही. बेळगावचा सहकारी आणि हासनचा फोरमन एकमेकांच्या घरच्या लग्नांना जाऊन आलेले आहेत.

१०. कन्नड बाजारात शिकावं

बेंगळुरू नगर जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असलेले लोक २०११ च्या जनगणनेत निम्म्याहून कमी होते. तेलुगू, तमिळ, उर्दू, हिंदी सगळं कानावर पडतं, आणि समोरचा माणूस आपल्याला झेपेल त्या भाषेत बोलायला तयार असतो. त्यामुळे कन्नड न शिकता वर्षानुवर्षं राहता येतं. कितीतरी लोक तसे राहतात. हे मला चुकीचं वाटतं. ज्या गावानं आपल्याला पोट भरायला जागा दिली त्याच्या भाषेत निदान भाव विचारता यावा आणि आभार मानता यावेत. मराठी माणसाला तर हे अवघड नाही: वाक्याची मांडणी सारखी, ळ आपल्याच घरातला, निम्मी भाजी ओळखीच्या नावाची.

पुस्तकापेक्षा मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवरचा बाजार चांगला. तिथे आकडे पाठ होतात, कारण पैसे मोजायचे असतात. फुलवाल्या बाईला अम्मा म्हणावं, आणि तिनं आपल्या लहान मुलीलाही अम्मा म्हटलं तर चकित होऊ नये. इथे लेकीला लाडानं तसंच हाक मारतात. कारखान्यात मला बराच काळ ‘मॅडम’ म्हणत होते. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये रेखाचित्रातलं माप समजावून सांगायला लागले, तेव्हा हळूहळू ‘अक्का’ झाले. अक्काला चूक दाखवता येते. मॅडमला कुणी दाखवत नाही. तपासणीत नापास होणारे भाग त्यानंतर मला आधी कळायला लागले, पेटी बंद होण्यापूर्वी.

फुलं इथे वजनानं क्वचित मिळतात. मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, माळ ‘मोळ’ मापानं विकतात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि हात विकणारीचा. त्यामुळे जुन्याजाणत्या बायका लांब हाताची फुलवाली धरून असतात. गौरीच्या आदल्या दिवशी मात्र निवड करत बसू नये. सकाळी सातच्या आत जावं, सुटे पैसे न्यावेत, आणि मिळेल तिच्याकडून दोन मोळ घ्यावेत, एक आपल्यासाठी आणि एक घरमालकीणबाईंसाठी. दहापर्यंत भाव दुप्पट होतो.